डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाचा हात कुणी धरायचा?

सायकेडेलिक औषधांनी मानसिक आजार बरे होतात, असं सांगणारे व्हिडिओ आणि लेख आता मराठीतही भरपूर फिरतायत. 'दहा वर्षांचं दुखणं एका सत्रात गेलं' अशा थाटाचे. त्याखाली लगेच दुसरी फळी येते, की ही सगळी गोऱ्यांची नशेची थेरं आहेत. दोन्ही बाजू भांडतात ते औषधावरून. या विषयाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास वाचताना मला मात्र सारखं एकच दिसत राहतं. औषध कुठलं होतं यापेक्षा, ते घेतलेल्या माणसाच्या शेजारी कोण बसलं होतं आणि त्याच्यावर कुणाचं लक्ष होतं, यावर बहुतेक सगळं ठरलं. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

आधी हे उपचार म्हणजे नक्की काय ते सांगतो. सर्वांत जास्त अभ्यास झालेलं उदाहरण एमडीएमएचं. पार्ट्यांमध्ये 'एक्स्टसी' म्हणून विकतात तेच रसायन. युद्धावरून आलेले सैनिक, बलात्कार सोसलेल्या स्त्रिया, लहानपणी घरातच छळ झालेली माणसं, यांच्यात पीटीएसडी नावाचा आजार दिसतो. घडून गेलेली गोष्ट शरीराच्या लेखी अजून चालूच असते. साध्या आवाजाने दचकायला होतं, झोप लागत नाही, माणसं नकोशी होतात. अशा माणसाला 'काय झालं ते सांगा' म्हटलं, की तो बंद होतो. एमडीएमए घेतल्यावर काही तास भीतीची धार बोथट होते आणि समोरच्याबद्दल जवळीक, विश्वास वाटू लागतो. त्या अवधीत तो माणूस एरवी ज्या आठवणीच्या आसपासही जाऊ शकत नाही, तिच्याजवळ जाऊन परत येऊ शकतो. एक सत्र सुमारे आठ तासांचं. गादीवर आडवं व्हायचं, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, शेजारी दोन थेरपिस्ट. अशी तीन सत्रं, आणि त्यांच्या आधी व नंतर साध्या बोलण्याच्या बऱ्याच बैठका.

आता मेख बघा. यातल्या पुष्कळ माणसांना आघात झालेला असतो तो विश्वासातल्याच कुणाकडून. काका, शिक्षक, वरिष्ठ अधिकारी, नवरा. त्यांचा आजार हा एका अर्थी विश्वासाचाच आजार. आणि औषध काय करतं, तर विश्वास वाढवतं. समोरचा माणूस त्या लायकीचा आहे की नाही हे रसायनाला कळत नाही. चांगल्या थेरपिस्टपुढेही मन उघडतं आणि लबाडापुढेही तेवढंच उघडतं. स्टानिस्लाव ग्रोफ या मानसोपचारतज्ज्ञाने आधी प्रागमध्ये आणि नंतर अमेरिकेत एलएसडीवर बरीच वर्षं काम केलं. त्याच्या मते हे औषध स्वतःहून काही आणत नाही, आत जे आहे ते मोठं करतं. मी त्यात भर घालेन, की खोलीत जे आहे तेही मोठं होतं.

सुरुवात मेक्सिकोतून करू. वाहाका राज्यात वाउत्ला नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथे मारिया साबिना नावाची माझातेक समाजाची वैदू बाई होती. तिच्याकडे रात्रभर चालणारा एक विधी असे. आजारी माणसाला घेऊन घरची माणसं येत, बाई स्वतःही विशिष्ट अळंबी खाई, गात राही आणि दुखण्याचा माग काढी. पेशंट तिला ओळखे, ती पेशंटच्या घराला ओळखे, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना त्याच गावात राहायचं असे. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेतला एक बडा अधिकारी, गॉर्डन वॅसन, तिथे पोचला. बाईने त्याला विधीला बसू दिलं, फोटोही काढू दिले. अट अशी, की अगदी विश्वासातल्या माणसांखेरीज ते कुणाला दाखवायचे नाहीत. मे १९५७ मध्ये ते फोटो 'लाइफ' मासिकात छापून आले. वॅसनने बाईचं नाव बदललं होतं, पण लोकांनी गाव शोधून काढलंच. पुढच्या काही वर्षांत तिथे परदेशी पोरांची रीघ लागली, पोलीस आले, गाव बाईवर उलटलं आणि तिचं घर जाळलं गेलं.

याच गोष्टीचा दुसरा धागा कमी लोकांना माहीत असतो. १९५६ मध्ये वॅसन पुन्हा वाउत्लाला गेला, तेव्हा त्याच्या सोबत जेम्स मूर नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. तो आतून सीआयएसाठी काम करत होता, आणि सहलीला लागलेला काही पैसाही सीआयएच्याच आडवाटेने आलेला होता. म्हणजे बाईला फसवणाऱ्याला आणखी कुणीतरी फसवत होतं.

सीआयएचा हा कार्यक्रम म्हणजे एमके-अल्ट्रा. १९५३ मध्ये सुरू झाला, प्रमुख सिडनी गॉटलीब. माणसाचं मन ताब्यात घेता येईल का, हा प्रश्न. एलएसडी हे त्यांचं आवडतं हत्यार. नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रँक ओल्सन या लष्करी शास्त्रज्ञाला त्याच्याच सहकाऱ्यांनी न सांगता पेयातून एलएसडी दिलं. नऊ दिवसांनी तो न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून मेला. घरच्यांना खरी हकिकत कळायला १९७५ उजाडलं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कुटुंबाची माफी मागितली. या कार्यक्रमाची बहुतेक कागदपत्रं १९७३ मध्येच नष्ट केली गेली होती.

ओल्सनची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनची सांगितली जात नाही. तिथे व्यसनी कैद्यांसाठी सरकारी रुग्णालय होतं, आणि त्यात हॅरिस इस्बेल नावाचा डॉक्टर संशोधन करायचा. त्याने कैद्यांना एलएसडी दिलं. काहींना सलग ७७ दिवस. यातले बरेच काळे पुरुष होते. भाग घेतल्याचा मोबदला म्हणून त्यांना, म्हणजे व्यसनमुक्तीसाठी ठेवलेल्या माणसांना, अमली पदार्थच मिळायचे. कागदावर सगळ्यांची संमती होती! आणि हे लपूनछपून नव्हतं चाललं, वैद्यकीय मासिकात रीतसर निबंध छापून येत होते.

मॉन्ट्रियलमध्ये युएन कॅमेरॉनचं प्रकरण त्याच काळातलं. हा जागतिक मानसोपचार संघटनेचा पहिला अध्यक्ष. त्याच्याकडे साध्या नैराश्यासाठी, चिंतेसाठी आलेल्या बायका-पुरुषांना त्याने विजेचे प्रचंड झटके दिले, आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवलं, एलएसडी दिलं, आणि ध्वनिफितीवरची वाक्यं हजारो वेळा ऐकवली. पैसा थोडा सीआयएचा, थोडा कॅनडा सरकारचा. १९९२ मध्ये कॅनडा सरकारने ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. ही माणसं त्याच्याकडे गेली होती ती मोठा डॉक्टर म्हणूनच.

सगळेच असे होते असं नाही, हे सांगायला हवं. कॅनडाच्याच सस्कॅचवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड दारूड्यांवर एलएसडीचे उपचार करत होता. 'सायकेडेलिक' हा शब्द त्याचाच, १९५७ चा. त्याच्याकडचे लोक आधी स्वतः औषध घेऊन बघत, पेशंटला काय वाटत असेल ते समजावं म्हणून. खोली कशी असावी, माणूस कुठल्या मनःस्थितीत असावा, सोबत कोण असावं, याचा विचार तिथून पक्का होत गेला. तरी मी ज्या सवयीबद्दल लिहायला बसलोय ती चांगल्या माणसांतही होती. तिचं सर्वांत स्वच्छ उदाहरण गुड फ्रायडेच्या प्रयोगाचं.

२० एप्रिल १९६२. बॉस्टन विद्यापीठातलं मार्श चॅपल. वॉल्टर पाह्नके या हार्वर्डच्या संशोधकाने धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांना घेतलं. दहा जणांना सायलोसायबिन, म्हणजे त्या वाउत्लाच्या अळंबीतलंच द्रव्य, आणि दहा जणांना नियासिन, ज्याने फक्त चेहरा लाल होतो. वर प्रार्थना चालू, तळघरातल्या छोट्या चॅपलमध्ये हे वीस जण ऐकतायत. औषध घेतलेल्यांपैकी बहुतेकांना खोल धार्मिक अनुभव आला. निबंध गाजला, आजही त्याचे दाखले देतात.

१९९१ मध्ये एका तरुण संशोधकाने त्या विद्यार्थ्यांना शोधून, भेटून पाठपुरावा प्रसिद्ध केला. अनेक जण पंचवीस वर्षांनंतरही तो दिवस आयुष्यातला मोठा दिवस मानत होते. पण त्याला आणखी एक गोष्ट सापडली. त्या दिवशी एका विद्यार्थ्याचा तोल इतका गेला, की तो चॅपलबाहेर पडून रस्त्यावर गेला. त्याला धरून आणावं लागलं आणि शांत करायला थोराझिन या औषधाचं इंजेक्शन द्यावं लागलं. पाह्नकेने हे लिहिलंच नव्हतं. ते दडवणं हा गंभीर दोष आहे, असं त्या तरुण संशोधकाने स्पष्ट म्हटलं.

त्या संशोधकाचं नाव रिक डॉब्लिन. लक्षात ठेवा, पुढे येईल.

मधल्या काळात एलएसडीवर बंदी आली, संशोधन आटलं, पण उपचार थांबले नाहीत, भूमिगत झाले. कॅलिफोर्नियात लिओ झेफ नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. निवृत्तीच्या वयात, १९७७ च्या सुमारास त्याने एमडीएमए घेऊन पाहिलं आणि पुढची वर्षं गुपचूप शेकडो थेरपिस्टना त्याचा वापर शिकवला. त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या पुस्तकात त्याची पद्धत आहे. औषध द्यायच्या आधी तो पेशंटशी करार करायचा: सत्र संपेपर्यंत घर सोडायचं नाही, कुणाला इजा करायची नाही, मी थांब म्हटलं की थांबायचं, आणि आपल्यात लैंगिक काही होणार नाही. हे सगळं आधी, शुद्धीत, तोंडाने बोलून. औषध चढल्यावर माणूस काहीही मागू शकतो, काहीही द्यायला तयार होऊ शकतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. कायद्याच्या बाहेर बसून त्याने हा नियम पाळला. पण पाळला तो त्याच्या स्वभावाने. त्याच्या हाताखाली शिकलेले शेकडो जण काय करत होते ते बघायला कुणीच नव्हतं, कारण तक्रार करायची तर पेशंटला आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करावा लागे.

१९८५ मध्ये अमेरिकेने एमडीएमएवर तातडीची बंदी घातली. (योगायोग असा, की आपला एनडीपीएस कायदाही त्याच वर्षीचा.) १९८६ मध्ये डॉब्लिनने 'मॅप्स' ही संस्था काढली. उद्देश हाच, की एमडीएमए रीतसर चाचण्यांतून औषध म्हणून मान्य करून घ्यायचं. गडी चिवट. तीस वर्षं देणग्या गोळा करत, अर्ज करत राहिला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या उपचाराला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये तिसऱ्या टप्प्याचे पहिले आकडे आले. ९० पेशंट. एमडीएमए मिळालेल्यांपैकी ६७ टक्के लोक शेवटी पीटीएसडीच्या निकषात बसेनासे झाले, तीच थेरपी पण खोटं औषध मिळालेल्यांत ३२ टक्के. आकडे खरोखर मोठे आहेत. आणि त्या ३२ कडेही बघा. औषधाशिवाय, नुसतं दोन माणसांनी तासन् तास शेजारी बसून ऐकल्याने प्रत्येक तिघांतला जवळजवळ एक जण त्या आजारातून बाहेर आला!

आता व्हँकूव्हर. २०१५, त्याआधीच्या दुसऱ्या टप्प्यातली चाचणी. लैंगिक अत्याचाराच्या आघातावर उपचार घ्यायला एक स्त्री तिथे आली. शेजारी बसणारे दोन थेरपिस्ट नवरा-बायको होते. बायको मानसोपचारतज्ज्ञ, नवऱ्याकडे थेरपीचा परवाना नव्हता. चाचणीच्या नियमांत ते बसत होतं, दोघांपैकी एकाकडे परवाना असला की पुरे. सत्रांचं चित्रण झालं होतं. ते २०२२ मध्ये पत्रकारांमार्फत बाहेर आलं, आणि त्यात ते दोघे त्या स्त्रीच्या गादीवर तिला बिलगून पडलेले, तिला धरून ठेवताना दिसतात. ती घाबरलेली, औषधाच्या अंमलाखाली. औषधाची सत्रं संपल्यावर त्या पुरुषाने तिच्याशी लैंगिक संबंध सुरू केले. ती तेव्हा अजून त्या अभ्यासातली पेशंटच होती.

या प्रकरणात 'एक विकृत माणूस' म्हणून मोकळं होता येत नाही. संरक्षणाच्या ज्या गोष्टी कागदावर होत्या, त्या एकेक करून बघा. एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी, का? तर एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी. पण जोडी नवरा-बायकोची असेल तर नजर कोण कुणावर ठेवणार? कॅमेरा, का? तर नंतर कुणी बघावं. कॅमेऱ्याने सगळं टिपलं, पण वेळेवर कुणाचा हात आडवा आला नाही. स्पर्श, का? तर घाबरलेल्या पेशंटला आधार वाटावा. पण स्पर्शाची संमती आठ तासांच्या सत्रात, औषध चढलेलं असताना विचारली तर ती संमती कशी? ज्या औषधाचा गुणच समोरच्याबद्दल विश्वास वाटायला लावणं हा आहे, त्याच्या अंमलाखाली मिळालेला 'हो' औषधाचा, की माणसाचा? झेफने हे चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आपल्याला हे अवघड जायला नको खरं तर. आपल्याकडच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून, मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस वगैरे सांगून लैंगिक संबंध ठेवणं, हा गुन्हा. तिथेही बाई 'हो' म्हणालेली असू शकते. कायदा विचारतो तो प्रश्न तो 'हो' कसा मिळवला हा. बुवाच्या जागी पदवीधर आणि अंगाऱ्याच्या जागी गोळी आली, तरी हा प्रश्न तसाच राहतो.

मॅप्सने २०१९ मध्ये या घटनेबद्दल जाहीर निवेदन काढलं, नियामकांनाही कळवलं. हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण दुसऱ्या टप्प्याच्या आकड्यांवर निबंध छापताना काय केलं? १० ऑगस्ट २०२४ ला 'सायकोफार्माकॉलॉजी' या मासिकाने तीन निबंध मागे घेतले. कारण असं दिलं, की व्हँकूव्हरच्या केंद्रावर अनैतिक वर्तन ठरावं असा नियमभंग झाला होता. लेखकांना निबंध पाठवताना ते माहीत होतं, तरी त्यांनी ना ते सांगितलं, ना त्या केंद्राचे आकडे वगळले. मागे घेतलेल्या निबंधांच्या लेखकांत डॉब्लिनचं नाव होतं. पाह्नकेने इंजेक्शन दडवल्याचं ज्याने शोधून काढलं, तोच हा. मला इथे कुणाला खलनायक करायचा नाही. उलट मुद्दा असा आहे, की इतकं डोळस असलेला माणूसही स्वतःच्या कामाच्या वेळी तिथेच घसरतो. हे औषध बदनाम आहे, शत्रू टपून बसलेत, मग आतली घाण आता बाहेर नको. या चळवळीत हा विचार सुरुवातीपासून होता. आपल्याकडच्या चळवळींत वावरलेल्यांना तो ऐकल्यासारखा वाटेल.

त्याच्या आदल्याच दिवशी, ९ ऑगस्टला, एफडीएने एमडीएमए उपचाराला मान्यता नाकारली होती. जूनमधल्या सल्लागार समितीच्या बैठकीत 'परिणामकारक आहे का' यावर ९ विरुद्ध २, आणि 'फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे का' यावर १० विरुद्ध १ अशी नकाराची मतं पडली. कारणं अनेक होती. आपल्याला खरं औषध मिळालंय की खोटं, हे बहुतेक पेशंट सहज ओळखत होते, हे मोठं कारण. गैरवर्तनाचा विषयही बैठकीत निघाला. बरे झालेले माजी सैनिक संतापले, आणि त्यांचा संताप मला समजतो. ज्याला रात्रीची झोप परत मिळाली, त्याने दुसऱ्या कुणावर झालेल्या अन्यायासाठी किती वर्षं थांबायचं?

पण अडचण एफडीएच्या मुळातच आहे. ते खातं औषधांना परवानगी देतं, मानसोपचाराच्या बोलण्याचं नियमन करत नाही. इथे तर अर्धा उपचार म्हणजे ते शेजारी बसणंच आहे. त्याचा डोस कोण ठरवणार? ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठराविक अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांनाच एमडीएमए आणि सायलोसायबिन लिहून द्यायची मुभा दिली, तीही आचारसंहिता समितीची मंजुरी घेऊन. ओरेगन राज्याने उलटा रस्ता धरला. २०२० मध्ये मतदान घेऊन सायलोसायबिनची परवानाधारक केंद्रं काढायचं ठरवलं. तिथे सोबत बसणाऱ्याला डॉक्टर असण्याची गरज नाही, पण प्रशिक्षण आणि परवाना लागतो. यातलं कुठलं टिकतं ते दहा वर्षांनी दिसेल.

आपल्याकडे एमडीएमए, एलएसडी, सायलोसायबिन तिन्ही एनडीपीएसखाली येतात, तेव्हा कुणी त्यांच्या 'हीलिंग सेशन'ला बोलावत असेल तर ते झेफच्या काळातलं भूमिगत कामच समजा. तक्रारीची तीच कोंडी इथेही. केटामिनचं मात्र वेगळं आहे. ते भुलीचं जुनं औषध, दवाखान्यात कायदेशीर, आणि उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मुंबई-पुण्यातले काही मानसोपचारतज्ज्ञ सलाइनमधून ते देतात. साधारण चाळीस मिनिटं माणूस आपल्या शरीरापासून सुटल्यासारखा असतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा संमतीची व्याख्या चांगली करतो: जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक नाही; धोके, फायदे आणि दुसरे पर्याय पेशंटला कळेल अशा भाषेत सांगून घेतलेली. शिवाय पेशंटला आपला प्रतिनिधी नेमता येतो. त्या चाळीस मिनिटांत खोलीत कोण कोण असणार, दाराला काच आहे का, घरचं माणूस आत बसू शकतं का, हात धरायचा झाला तर कुणी आणि कुठे, हे सगळं सुई टोचायच्या आधी विचारून लिहून घ्यायला त्या कायद्यात आज कुठलीही आडकाठी नाही.